चार वर्षे टँकमध्ये, पुढची चाळीस वर्षे कुठे?

(पाटस येथे युवक आणि पालकांच्या मेळाव्यात चिलखती दलातून निवृत्त झालेल्या एका रिसालदारांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वक्ता नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे टँकच्या आत गेली आणि तिथे इंजिनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली. आवाज मोठा झाला तर समजून घ्या.

आज इथे यायचं एक घरगुती कारण आहे. माझ्या आपाचा मुलगा, माझा भाचा, गेले सहा महिने पहाटे रोटी घाटाच्या रस्त्याला धावतो. त्याला सैन्यात जायचंय. आपा मला म्हणाली, "भाई, तू त्याला समजाव. चार वर्षांनी परत पाठवतात म्हणे. मग काय करायचं त्यानं?" आणि भाचा म्हणतो, "मामू, तुम्ही गेला होतात ना? मग मला का अडवता?" दोघांचंही बरोबर आहे. आपाला जे सांगितलं तेच तुम्हा सगळ्यांना सांगावं म्हणून आलो. या सभागृहात अशा आपा बऱ्याच दिसतात, आणि पहाटे धावणारी पोरंही.

आधी टँकची ओळख करून देतो, कारण सिनेमात फक्त तोफ दिसते. टी-72 टँकमध्ये तिघे असतात: कमांडर, गनर आणि ड्रायव्हर. गोळा भरायचं काम यंत्र करतं. अर्जुन टँकमध्ये गोळा हाताने भरतात, म्हणून तिथे चौथा माणूस असतो. टी-72 चं वजन 41 टनांच्या घरात आणि इंजिन 780 अश्वशक्तीचं. ते इंजिन ड्रायव्हर नुसतं चालवत नाही. तेल, कूलंट, फिल्टर, ट्रॅकचा ताण हे सगळं तोच बघतो. गनरला अंतर मोजायचं यंत्र, साइट आणि तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणा समजावी लागते. कमांडरला नकाशा, रेडिओ आणि माणसं सांभाळता यावी लागतात. हे सगळं शिकवणारी शाळा आपल्यापासून लांब नाही. दौंडहून रेल्वेत बसलात की 80-85 किलोमीटरवर नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथलं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही देशभरातल्या टँकवाल्यांची मातृसंस्था. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 पासून लोकांसाठी आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

त्याच केंद्रात एक सेंच्युरियन टँक जतन करून ठेवलाय. नाव 'फामागुस्ता'. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या टँकमधून लढले आणि शहीद झाले. 21 वर्षांचं वय. त्यांना परमवीर चक्र मिळालं, त्यांचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या टँकमध्ये आणखी तिघे होते. ड्रायव्हर सवार प्रयाग सिंग, गनर सवार नाथू सिंग आणि रेडिओ ऑपरेटर सवार नंद सिंग. नंद सिंगही तिथेच गेले. ही तीन नावं कुणी पाठ करून घेत नाही. मी आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते हे लोक: सवार, लान्स दफेदार, दफेदार. अधिकारी नव्हे, साधा भरती झालेला जवान. त्याची प्रगती कशी होते, आणि कुठे अडते?

खेत्रपाल ज्या रेजिमेंटचे, ती पूना हॉर्स. नावातच पुणे. 1817 साली ती उभी राहिली आणि सुरुवातीच्या काळात तिचा मुक्काम आपल्या शेजारच्या शिरूरला होता. 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव भीमाला जी लढाई झाली, तिथे शिरूरहून निघालेल्या तुकडीत याच रिसाल्याचे अडीचशे-तीनशे स्वार होते. म्हणजे घोडदळ ही या भागाला नवी गोष्ट नाही. आपल्या भाषेतही ते मुरलेलं आहे. सवार, रिसाला, दफेदार, जमादार, हवालदार हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि कितीतरी घरांची आडनावं झाली. यांतली काही आडनावं हिंदू घरांतही आहेत आणि आपल्या घरांतही.

याच जुन्या घोडदळातली एक गोष्ट मला भाच्याला सांगायची होती. त्या काळी दोन प्रकारचे स्वार असत, शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. बारगीर दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या घोड्यावर बसायचा. पगारात फरक असायचाच, पण खरा फरक नोकरी सुटली की कळायचा. शिलेदार आपला घोडा घेऊन घरी यायचा, नाहीतर त्याचे पैसे घेऊन. बारगीर पायी यायचा. इंग्रजांच्या घोडदळातही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली, नंतर बंद झाली.

आज घोडा नाही, टँक आहे आणि तो सरकारचा आहे. त्या अर्थाने आपण सगळे बारगीरच. मग परत येताना आपल्या नावावर काय असतं? कागद. बारावीचं प्रमाणपत्र, पदवी, ट्रेडचं प्रमाणपत्र, वाहन परवाना. आजच्या जवानाचा घोडा हाच.

हे मला कसं कळलं ते सांगतो. मी दहावी करून भरती झालो. नेमबाजी चांगली होती, म्हणून गनर झालो. गोळा निशाण्यावर बसला की वाटायचं, आता आपल्याला कोण अडवणार! सैन्यात जवानातून अधिकारी व्हायची वाट आहे. आर्मी कॅडेट कॉलेज, एसीसी म्हणतात. आज ते डेहराडूनला आहे. 1977 पर्यंत काही वर्षं ते आपल्या पुण्यात होतं. कमीत कमी दोन वर्षं नोकरी झालेला, 20 ते 27 वयाचा, बारावी पास जवान त्यासाठी परीक्षा देऊ शकतो. निवड झाली तर शिकून, पदवी घेऊन लेफ्टनंट होतो. माझ्याच ट्रूपमधला एक ड्रायव्हर रात्री बॅरकच्या दिव्याखाली बसून बारावीची पुस्तकं वाचायचा. आम्ही त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचो. तो पुढे अधिकारी झाला. मी बारावी केली तेव्हा 29 वर्षांचा होतो. वय निघून गेलेलं. मला कुणी अडवलं नव्हतं. नोटीस बोर्डवर कागद लागलेला असायचा आणि मी त्याच्यासमोरून रोज कॅन्टीनला जायचो.

पुढे काही वर्षांनी ते साहेब आमच्या भागात आले. मी त्यांना सॅल्यूट केला, त्यांनी मला मिठी मारली. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचा हेवा वाटला म्हणून नव्हे. रोज संध्याकाळी दोन तास मी पत्त्यांत घातले, तेच दोन तास त्यांनी पुस्तकात घातले होते, एवढाच हिशेब डोक्यात फिरत राहिला.

कायम सेवेतली शिडी अशी आहे. सवार, मग लान्स दफेदार, मग दफेदार. पायदळात यांनाच शिपाई, नाईक, हवालदार म्हणतात. त्यावर नायब रिसालदार, रिसालदार आणि रिसालदार मेजर, हे जेसीओ. निवृत्तीच्या सुमारास काहींना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळतो. ही शिडी नुसत्या वर्षांवर चढता येत नाही. ट्रेड टेस्ट, मॅप रीडिंग, आर्मी एज्युकेशनची प्रमाणपत्रं, प्रमोशन कॅडर, वार्षिक अहवाल आणि वैद्यकीय श्रेणी, सगळं लागतं. यातलं एक राहिलं की मागून आलेला पोरगा पुढे जातो. बढती नाही मिळाली तरी 8, 16 आणि 24 वर्षांना पगाराची पायरी वाढते, पण खांद्यावरची आणि दंडावरची पट्टी वाढत नाही. आणि एक सांगतो, चांगल्या गनरला नगरच्या शाळेत प्रशिक्षक म्हणून जाता येतं. मी गेलो. माझ्या नोकरीतली सर्वांत समाधानाची वर्षं ती. पण तिथे जायलाही कोर्समध्ये वरची श्रेणी लागते, आणि त्यासाठी अभ्यास लागतो.

हे झालं जुन्या पद्धतीचं. आता तुमचं.

14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हा ठरलं ते असं: साडेसतरा ते एकवीस वयात भरती, चार वर्षांची नोकरी. पगार पहिल्या वर्षी महिन्याला 30 हजार, मग 33, मग साडेछत्तीस आणि चौथ्या वर्षी 40 हजार. त्यातले 30 टक्के कापून सेवानिधीत जातात, तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी साधारण 10 लाख 4 हजार, व्याज धरून 11 लाख 71 हजारांच्या आसपास, तेही करमुक्त. 48 लाखांचा विमा आहे. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. योजना जाहीर झाली तेव्हा माजी सैनिकाचा दर्जाही त्यात नव्हता, म्हणून कॅन्टीन आणि ईसीएचएसचा दवाखाना धरून चालू नका. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम सेवेत घेतली जातील. म्हणजे चार जणांच्या खोलीतला एक राहील, तिघे आपली बॅग उचलतील. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात.

योजना बरी की वाईट, यावर आज मी बोलणार नाही. त्यावर माझं मत आहे आणि मतदार म्हणून ते मी मांडतो. पण समोर बसलेल्या पोराला पुढच्या भरतीला उभं राहायचंय. त्याच्यासाठी प्रश्न एकच आहे: तू त्या तिघांत असलास तर घरी काय घेऊन येशील?

भाच्याला मी वर्षवार हिशेब करून दिला. तुम्हीही लिहून घ्या.

भरतीच्या आधी. फॉर्म ऑनलाइन भरला जातो. आधी लेखी परीक्षा, मग धावणं, मग वैद्यकीय तपासणी. बहुतेक पोरं सहा महिने धावतात आणि शेवटच्या आठवड्यात पुस्तक उघडतात. लेखी परीक्षा पहिली आहे हे लक्षात घ्या. जनरल ड्यूटीला दहावी 45 टक्के लागते, टेक्निकलला विज्ञान शाखेची बारावी. बारावी होत आली असेल तर ती पुरी करूनच जा. कॉलेजात एनसीसी असेल तर 'सी' प्रमाणपत्र घ्या, त्याचे जादा गुण मिळतात. आणि कुणी "दोन लाख द्या, काम करून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. भरतीला पैसे लागत नाहीत. दागिने मोडून पैसे दिलेल्या आईला परत हाक मारायला कुणी येत नाही.

पहिलं वर्ष. प्रशिक्षण. चिलखती दलच मिळेल असं नाही, ते सैन्याच्या गरजेप्रमाणे ठरतं. मिळालं तर ट्रेड मिळेल, ड्रायव्हर, गनर किंवा ऑपरेटर. या वर्षी दुसरं काही जमणार नाही. फक्त शिका, आणि पाठ-गुडघे सांभाळा. वैद्यकीय श्रेणी घसरली की सगळं घसरतं.

दुसरं वर्ष. दहावीवर गेला असाल तर एनआयओएसमधून बारावी. अग्निवीरांसाठी ती सोय जाहीर झालेली आहे. बारावीवर गेला असाल तर इग्नूची पदवी. तिच्यात तुमच्या लष्करी प्रशिक्षणाला निम्मे क्रेडिट आहेत. दुसरी अर्धी पदवी तुम्हाला वाचूनच मिळवायची आहे.

तिसरं वर्ष. ट्रेडमध्ये वर या, कारण त्या 25 टक्क्यांत यायचा रस्ता कामगिरीतून जातो. सुट्टीवर आलात की आरटीओचा अवजड वाहनाचा परवाना काढायच्या मागे लागा. टँक चालवला म्हणून बाहेर कुणी ट्रकची चावी देत नाही.

चौथं वर्ष. पुढच्या परीक्षांचे फॉर्म, आणि प्रत्येक कोर्सच्या प्रमाणपत्राची प्रत घरी.

आता परत आल्यावर काय? आपल्या दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक 5 आणि 7. पाटसच्या पोराला यापेक्षा घराजवळची वर्दी नाही. पण राज्यात पोलीस शिपायाला बारावी लागते. दहावीवर गेलेला आणि चार वर्षांत बारावी न केलेला मुलगा, टँक चालवून आला तरी, त्या मैदानात उभा राहू शकत नाही. वय बघा. राखीव दलाला खुल्या प्रवर्गात 25 पर्यंतच घेतात. एकविसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा परत येतो तेव्हा पंचवीसचा असतो. म्हणून जायचं तर लवकर जा.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा आणि वयात सवलत 2022 मध्येच जाहीर झाली. आणि वर्दीच हवी असंही नाही. कुरकुंभ आणि रांजणगावच्या एमआयडीसीत डिझेल इंजिन आणि हायड्रॉलिक जाणणारा माणूस लागतो. आता ऊसतोडणीची यंत्रं फडात आलीत. ती बिघडली की मेकॅनिकची वाट बघत ऊस वाळतो. ज्याने 780 अश्वशक्तीचं इंजिन सांभाळलं त्याला ते यंत्र जड नाही. फक्त त्याच्या हातात दाखवायला कागद हवा.

कागदाचा विषय निघालाच आहे तर आपल्या समाजाचं एक दुखणं बोलतो. सैन्यभरतीत जातीचं आरक्षण नाही. पण परत आल्यावर राज्याच्या नोकरीत आहे. तांबोळी, पिंजारी, मोमीन, बागवान, अत्तार या जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पोलीस भरतीत त्यांना वयाची पाच वर्षं सवलत मिळते. आणि आपल्या पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलेलं असतं? नुसतं 'मुसलमान'. जात रिकामी. मग दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधत तहसीलच्या फेऱ्या सुरू होतात. ज्याच्या हाती वेळ असतो त्याचंच हे काम होतं. मुलगा आठवीत असतानाच करा. दाखला, वैधता, नॉन-क्रिमी लेयर. पोरगा सीमेवर आणि बाप रेकॉर्ड रूममध्ये, अशी वेळ आणू नका.

मला दर वेळी एक प्रश्न कानात विचारतात, मोठ्याने कुणी विचारत नाही. "आपल्याला घेतात का?" मी मोठ्याने उत्तर देतो. मी इथे उभा आहे. काही रेजिमेंटची घडण जुन्या काळापासून ठरावीक समाजांची आहे, हे खरं. पण घोड्यावरची आपली एकसष्ट कॅव्हलरी, जयपूरची, तिच्यात मराठे, राजपूत आणि कायमखानी मुसलमान एकत्र असतात. अग्निपथमध्ये तर सर्व समाजांतून भरतीचं धोरण जाहीर केलंय. धावण्याच्या वेळेत धर्म मोजला जात नाही. आपली पोरं कमी दिसतात त्याची कारणं अनेक असतील. पण जो फॉर्मच भरत नाही त्याला कुणी नाकारलं असं म्हणता येत नाही. फॉर्म भरून, सगळं पूर्ण करून अन्याय झाला तर मग दाद मागा. संविधानाने तो हक्क दिलेला आहे.

आयांची काळजी वेगळी असते. खाणं, नमाज, रोजे. रेजिमेंटमध्ये सर्वधर्मस्थळ असतं. सैन्यात पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याप्रमाणे मौलवींचीही नेमणूक होते. ईदला माझे रेजिमेंटवाले माझ्या आधी तयार असायचे, बिर्याणीसाठी. दिवाळीच्या रात्री मी पहारा मागून घ्यायचो, ते ईदला माझा घ्यायचे. यात मोठेपणा नव्हता, ड्यूटीची अदलाबदल होती. एका मुलीनेही मघाशी विचारलं. बेटा, टँकमध्ये मुलींना अजून प्रवेश नाही. सैन्यात अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलीसमध्ये आहे. फॉर्म भर.

शेवटी अब्दुल हमीद. त्यांचं नाव आपण घेतो, चौकाला देतो. ते टँकवाले नव्हते, टँक फोडणारे होते. 1954 मध्ये साधे शिपाई म्हणून ग्रेनेडियर्समध्ये आले. 10 सप्टेंबर 1965 ला खेमकरण भागात त्यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन टँक फोडले आणि तिथेच शहीद झाले. तेव्हा त्यांचा हुद्दा होता कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. म्हणजे भांडाराचा, रसदीचा हिशेब बघणारा माणूस. पण ती तोफ त्यांनी आधीच्या वर्षांत नीट शिकून ठेवली होती, म्हणून त्या दिवशी ते तोफेवर होते. शौर्य आपण बघतो. त्याच्यामागे अकरा वर्षांचं शिकणं होतं, ते बघत नाही.

भाच्याला मी अडवलेलं नाही. त्याला म्हटलं, जा. पण आधी बारावीचा निकाल हातात घे, आणि दाखल्याचं काम तुझ्या अब्बांवर नको, तू स्वतः तहसीलला जा. तो जरा रागावला. दुसऱ्या दिवशी पहाटे धावून आला आणि आपाच्या ओट्यावर बसून गणिताचं पुस्तक उघडलं. आपाने मला फोन करून एवढंच सांगितलं, "बसलाय."

तुमच्या ओट्यावरही एकेक जण बसू दे. ज्यांना फॉर्म, एनआयओएस किंवा दाखल्याबद्दल विचारायचंय त्यांनी थांबा, मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.

खुदा हाफिज. जय हिंद.